यंत्र आले, हुनर कुठे आहे?

२०२२ साली वेदांत-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला, तेव्हा मावळात केवढा गहजब झाला! पुढच्याच वर्षी फॉक्सकॉनने त्यातून अंग काढून घेतले. तरी परदेशी तंत्रज्ञान दारात आले की बरकत आपोआप येते, ही समजूत काही जात नाही.

तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला, २०२० च्या डिसेंबरात बंद पडला. आता तो ह्युंदाईकडे आहे. मालक बदलला. गाडीचा आराखडा मावळात तेव्हाही ठरत नव्हता, आजही ठरत नाही.

याच तळेगावात १९०८ साली अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून, लोकांच्या एकेका पैशावर, काच कारखाना उभा राहिला. तो चालवणारे ईश्वरदास वार्ष्णेय काचेची विद्या जपानात शिकून आले होते. म्हणजे तंत्र तेही बाहेरचेच! पण इथे ते शिकवले गेले. भट्टीपुढे तयार झालेले कारागीर ते हुनर दुसऱ्या गावांच्या कारखान्यांत घेऊन गेले. म्हणून ‘स्वदेशी की विदेशी’ हा वादच मला फोल वाटतो.

आपल्या समाजाची तऱ्हा आणखी निराळी. इब्न अल-हैसमने प्रकाशावर ग्रंथ लिहिला हे अभिमानाने सांगायचे, आणि पोराने आयटीआयला जाऊन लेथवर हात काळे केले की नाक मुरडायचे.

सरकार कंपन्यांना जमीन, पाणी, सवलती देते. मग टूलरूममध्ये, डिझाइनमध्ये इथली किती मुले शिकाऊ म्हणून घेणार, हे करारात का लिहून घेत नाही? ठेकेदारामार्फत काही महिने राबवून घरी पाठवणे म्हणजे तालीम नव्हे.