सांगायचं नाही म्हणे!

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. घरच्यांनी हे सगळं जेवताना दोनदा ऐकलंय, त्यांनी पुढे वाचलं नाही तरी राग नाही.

फेब्रुवारीत शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या अंगणवाडीत गेलो होतो. कोणत्या ते सांगत नाही, ताईंना उगाच त्रास नको. पाण्याचा टब, भोवती दहा-बारा मुलं. दगड, पान, खिळा, बाटलीचं झाकण, सागाची काटकी. एकेक टाकायचं आणि बुडतं की तरंगतं ते बघायचं. मुलं जाम खूश. एक पोरगा म्हणाला, "जड हाय म्हून बुडला." ताई म्हणाल्या, "छान!" दुसरा म्हणाला, "लोखंडाचं बुडतं." "छान!" एक चिमुरडी म्हणाली, "दगडाला पाणी आवडतं." "छान!" मग खिचडी आली आणि टब उचलला गेला.

मी नंतर ताईंना विचारलं, पुढे काय? त्या म्हणाल्या, "पुढे काही नाही. ट्रेनिंगला सांगितलंय, उत्तर द्यायचं नाही. मूल स्वतः ज्ञान रचतं."

तेव्हा नुसतं खटकलं. काय खटकलं ते मेच्या शेवटी कळलं, मुरबाडला मामाकडे गेलो तेव्हा.

मामाचं भाताचं बियाणं निवडणं चाललं होतं. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचं आणि त्यात बियाणं ओतायचं. तरंगेल ते काढून टाकायचं. तळाशी बसेल ते साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. शेजारी पाच वर्षांची नात बसलेली. आधी तिने मनसोक्त हात घातले, ढवळलं, दाणे बोटांतून गाळले. मामा काही बोलला नाही. मग तिने विचारलं, "हे वरती का?" आणि मामाने सरळ सांगितलं, "पोचट हाय ते." नखाने एक दाणा सोलून दाखवला, आत जवळपास काहीच नाही. मग बुडालेला एक सोलला, आत टपोरा तांदूळ. "आता तू सोल." तिने वीसेक तरी सोलले असतील. शेवटी विचारते कशी, "मीठ कशाला?" मामाने पातेल्यात साधं पाणी घेतलं आणि मिठाच्या पाण्यातून वर आलेलेच दाणे त्यात टाकले. काही बुडाले! मामा म्हणाला, "मिठाचं पानी भारी. त्यात अर्धे भरलेले पन वर येतात. साध्या पान्यात ते फसवतात."

मामा सातवी शिकलाय, आणि ट्रेनिंग झालेलं नाही हे बरंच आहे.

आता कोणी म्हणेल, तुम्हाला पुन्हा घोकंपट्टी आणायचीय. अजिबात नाही! मी स्वतः 'पाण्यावर तरंगणाऱ्या पाच वस्तूंची नावे लिहा' या जातीतला. पाचही नावं पाठ होती आणि आमच्या वर्गात पाण्याचा टब कधी आला नाही. पण त्या रोगावर 'शिक्षकाने तोंड शिवून बसायचं' हे औषध कोणी काढलं?

ज्यांची नावं आपण बालशिक्षणात घेतो त्यांनी तरी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. (तेव्हा हे सगळं ठाणे जिल्ह्यातच होतं, पालघर २०१४ साली वेगळा झाला.) महागडी साधनं सोडून बिया, शिंपले, पानं घेतली, हे आपण कौतुकाने सांगतो. पण ताराबाई माँटेसरी पद्धतीच्या, आणि त्या पद्धतीत तीन पायऱ्यांचा पाठ असतो: "हे जाड, हे बारीक." मग, "यातलं जाड कोणतं, दे." मग, "हे काय?" पहिल्या पायरीवर शिक्षिका चक्क सांगते. नाव हे शोधून सापडत नाही हो! ज्या मुलांची घरची बोली कातकरी किंवा ठाकरी आहे, त्यांना पुस्तकातला शब्द कोणी तरी दिल्याशिवाय कसा मिळणार?

उलट बाजूचंही खरं आहे. अमेरिकेत बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ साली बालवाडीच्या वयाच्या मुलांना एक खेळणं दिलं. ज्यांना 'हे असं वाजतं' असं आधीच शिकवलं, त्यांनी खेळण्यातल्या बाकीच्या गमती कमी शोधल्या. म्हणजे आधीच सांगून टाकलं की शोध आटतो. पण क्लार आणि निगम यांनी २००४ साली तिसरी-चौथीच्या मुलांना उतरणीवरून चेंडू सोडायला लावले, तेव्हा 'एका वेळी एकच गोष्ट बदलायची' हे स्पष्ट शिकवलेल्यांपैकी कितीतरी जास्त मुलांना नीट तुलना करता आली. नुसत्या शोधणाऱ्यांना ते कमी जमलं. ती मुलं मोठी होती, मान्य. तरी मला यातून एक क्रम दिसतो: आधी हात घालू द्या, प्रश्न येऊ द्या, मग सांगा, आणि सांगितलेलं पुन्हा हाताने तपासू द्या. मामाने नेमकं हेच केलं.

खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. ठाण्या-डोंबिवलीतल्या पोराला बाईंनी नाही सांगितलं तर आई सांगते, बाबा व्हिडिओ लावून देतात, पुढे क्लास असतोच. पाड्यावरच्या पोरीचे आईबाप वीटभट्टीवर गेलेले असले तर? ताई गप्प राहिल्या की तिच्यासाठी विषय तिथेच संपला. दगडाला पाणी आवडतं, छान, खिचडी खा. याला बालकेंद्री म्हणायचं?

त्या दिवशी फार काही लागलं नसतं. 'जड' म्हणणाऱ्या पोराला विचारायचं, तुझी आई डोक्यावरून मोळी आणते ती हलकी असते का? मग ओढ्याच्या पुरात ओंडका तरंगतो कसा? तो गोंधळला की दोन सारख्या डब्या द्यायच्या, एक रिकामी, एक वाळूने गच्च भरलेली, झाकणं घट्ट लावून. आणि सरळ सांगायचं: "बाळा, डबी तेवढीच ठेवायची. आत काय भरलंय तेवढंच बदलायचं." घनता वगैरे शब्द गेले खड्ड्यात, ते येतील सातवी-आठवीत.

ताईंना फोन केला होता. मूठभर भात आणि घरचं मीठ घेऊन येऊ का विचारलं. म्हणाल्या, "या, पण सुपरवायझर मॅडम असतील त्या दिवशी नको."