रसिक चोर आणि सीमेवरची मराठी

रहस्यकथेच्या अनेक घराण्यांपैकी एक घराणे मोठे खेळकर आहे. त्यात शोधाचे काम पोलिसाकडे नसते, खासगी हेराकडेही नसते. ते एका चोराच्या गळ्यात पडते. मॉरिस लब्लाँ या फ्रेंच लेखकाचा आर्सेन ल्युपँ १९०५ साली असाच अवतरला आणि पुढे अनेक कथांत दुसऱ्यांचे गुन्हे उकलू लागला. अमेरिकन लेखक लॉरेन्स ब्लॉक यांचा बर्नी १९७७ साली आला. तो घरफोडीसाठी एका घरात शिरतो, पोलीस येतात आणि आतल्या खोलीत प्रेत सापडते. चोर आपण आहोतच, परंतु खुनी नाही, हे कोणास पटवावे? म्हणून खरा खुनी त्यालाच शोधावा लागतो.

अशा पुस्तकांना हलकेफुलके म्हणून बाजूस सारण्याची रीत आपल्याकडे आहे. आमचे मत वेगळे आहे.

हा नायक आपल्याला परका नाही. शूद्रकाच्या मृच्छकटिकातील शर्विलक आठवावा. देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले, तेव्हापासून तो आपल्या ओळखीचा आहे. भिंतीला भोक कोणत्या आकाराचे शोभेल याचा तो कलावंतासारखा विचार करतो आणि माप घेण्यास जानव्याचा दोर वापरतो. चोरी कशासाठी, तर प्रिय मदनिकेस दास्यातून सोडविण्यासाठी. ज्या चारुदत्ताचे घर तो फोडतो, तोच पुढे न केलेल्या खुनाच्या आरोपात वधस्तंभापर्यंत पोहोचतो आणि अखेरच्या अंकात त्याच्या सुटकेची वार्ता घेऊन शर्विलकच धावत येतो. भारतीय दंडसंहितेच्या ४५७ व्या कलमाने रात्रीच्या अशा घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत कारावास सांगितला होता. प्रेक्षक मात्र त्याला केव्हाच माफ करून बसलेला असतो.

आमच्या बीदरचाही या परंपरेत वाटा आहे. बीदरच्या बादशहाच्या चाकरीत असलेल्या दामाजीपंतांनी दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारे लोकांना खुली केली. वकिलाच्या चष्म्यातून पाहिले तर हा लोकसेवकाने केलेला विश्वासघात. परंपरा मात्र सांगते की विठ्ठल स्वतः विठू महाराच्या रूपात बीदरच्या दरबारी आला, धान्याची किंमत भरली आणि पावती घेऊन गेला. कायदा आणि न्याय यांच्यातील अंतर जनमानसाने एका पावतीने बुजवले. चोर-नायकाच्या कथांचे आकर्षण नेमके याच अंतरात आहे.

विसाव्या शतकात बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६-१९९६) हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. काळापहाड आणि झुंजार हे त्यांचे नायक कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुष्टांचा समाचार घेत. समीक्षकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली, पण हजारो लोकांना मराठी वाचनाची चटक या पुस्तकांनी लावली. भाषेच्या हिशेबात ही जमेची बाजू फार मोठी आहे.

येथे एक सावधगिरीचा शब्द आवश्यक आहे. उंची वस्त्रांतला चोर मोहक ठरतो. फाटक्या वस्त्रांतला केवळ चोर ठरतो. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातींच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ साली गेला, पण नजर गेली नाही. बीदरला लागून असलेल्या लातूर जिल्ह्यातील लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पोलीस आधी माणूस धरतात आणि मग गुन्हा शोधतात, हा अनुभव कोणाच्या वाट्याला येतो, हे त्या पुस्तकात दिसते. म्हणून रसिक चोराच्या कथेचे खरे मोल आम्ही वेगळ्या ठिकाणी मानतो. पूर्वी चोरी केली म्हणून आजचा खून त्यानेच केला असे ठरत नाही, पुरावा लागतो, हे न्यायाचे मूलतत्त्व ती हसत-खेळत गळी उतरवते.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा तिकडे गेले. भालकी, औराद, हुमनाबाद इकडे राहिले. तेव्हापासून आपल्या वाट्याला येणारी मराठी बहुतेक गंभीर आहे: निवेदने, ठराव, खटले, पाठ्यपुस्तके. संविधानाचे ३५०-अ कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास सांगते. शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा विद्यार्थी असले की मातृभाषेचा शिक्षक द्यावा, असे सूत्र आहे. त्यासाठी भांडलेच पाहिजे आणि आम्ही भांडतोच. पण वर्गातल्या त्या दहा मुलांनी सुटीत मराठी पुस्तक आपणहून उघडावे, असा आदेश कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही. ते काम काळापहाडाचे आहे.

शिवाय ही कथा लिहिण्यास सीमाभागाइतकी सुपीक भूमी नाही. येथे एका चौकात मराठी, कन्नड, दखनी आणि तेलुगू ऐकू येते. समजा, मरणाऱ्या माणसाने ‘मनी’ एवढाच शब्द उच्चारला. पुण्याचा हेर म्हणेल, त्याच्या मनात काही होते. किंवा घरातली मांजर शोधू लागेल. आपल्याकडचा साधा भुरटा चोरही सांगेल की इकडच्या बोलीतल्या कन्नडमध्ये मनी म्हणजे घर, तेव्हा आधी घर तपासा. ज्या दुभाषिकतेला तिकडे अशुद्ध मराठी म्हणून हिणवतात, तीच येथे गुन्ह्याची किल्ली ठरते.

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. भालकी, बसवकल्याण, आळंद येथील आपल्या वाचनालयांत इतिहास आणि चरित्रांच्या शेजारी एक फळी रहस्यकथांची असू द्या. जुन्या पेट्यांत अर्नाळकर असतील तर ते बाहेर काढा. आणि ज्यांना लेखणी चालविता येते त्यांनी बीदरच्या किल्ल्याच्या सावलीत, आपल्याच बोलीत, एक रसिक चोर उभा करावा. त्याचे वकीलपत्र आम्ही विनामूल्य घेऊ.