कोरड्या विहिरीचे मोल

भारतीय परंपरेने पृथ्वीला 'वसुंधरा' आणि 'रत्नगर्भा' अशी सुंदर नावे दिली आहेत. या नावांत कृतज्ञता आहे. परंतु त्यांमुळे एक गैरसमजही सहज रुजतो. पृथ्वीच्या पोटात धन भरलेले आहे, मनुष्याने केवळ खणावयाचे आणि उचलून घ्यावयाचे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात भूमाता आपले धन इतक्या सुलभतेने कोणाच्याही हाती देत नाही. शोधणाऱ्याच्या बुद्धीची आणि त्याहूनही अधिक त्याच्या धीराची ती परीक्षा पाहते.

ज्याने शेतात विहीर खणली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पाणाड्या जागा दाखवतो, नारळ फुटतो, सुरुंग लागतात. कर्जाचा पैसा कातळात जिरतो आणि कधीकधी थेंबभरही पाणी लागत नाही. अशी विहीर त्या कुटुंबाच्या दुर्दैवाची खूण बनून राहते. किती हातांवर मुरूम संपला, कातळ कोठे सुरू झाला, भेग कोणत्या दिशेची होती, हे कोणी लिहून ठेवत नाही. त्यामुळे शेजारचा शेतकरी पुढल्या वर्षी पुन्हा अंधारातच खणू लागतो. खनिजांच्या आणि खनिज तेलाच्या शास्त्रीय संशोधनात मात्र कोरड्या विहिरीला निराळे स्थान आहे. तेथे ती अपयशाची खूण राहत नाही. तिच्यातून मिळालेली माहिती पुढच्या शोधाचे भांडवल ठरते. ज्या राष्ट्राला आपल्या कोरड्या विहिरींची लाज वाटते, त्याच्या वाट्याला भरलेल्या विहिरी क्वचितच येतात.

तेलाचा शोध इतका अनिश्चित का, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. भूगर्भात तेलाचे तलाव किंवा नद्या नसतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणारे सूक्ष्म जीव व वनस्पती मरून तळाशी पडल्या, गाळाखाली दबल्या आणि उष्णतेने व दाबाने त्यांचे तेलात व वायूत रूपांतर झाले. हे तेल वाळूच्या किंवा चुन्याच्या खडकांतील बारीक छिद्रांतून हळूहळू वर सरकते. वाटेत चिकणमातीच्या खडकासारखा अभेद्य थर आडवा आला आणि तो थर घुमटासारखा वाकलेला असला, तर ते त्याच्याखाली साठून राहते. तेल उत्पन्न करणारा खडक, ते साठवणारा खडक आणि ते अडवणारा खडक, या तिघांचा योग एका ठिकाणी व योग्य क्रमाने जुळावा लागतो. त्यांतील एक जरी नसला, तरी बाकीच्या दोघांचा उपयोग होत नाही.

जमिनीवर उभे राहून हा योग डोळ्यांनी दिसत नाही. भूवैज्ञानिक उघड्या पडलेल्या खडकांची पाहणी करतात, नकाशे काढतात. नंतर कृत्रिम स्फोटांनी किंवा धक्क्यांनी भूमीत कंपने उत्पन्न केली जातात आणि निरनिराळ्या थरांवरून परतणारे त्यांचे पडसाद यंत्रांनी टिपले जातात. त्या पडसादांवरून खाली घुमट असावा, एवढे सांगता येते. त्या घुमटाखाली तेल आहे की नुसते खारे पाणी, याचा निर्वाळा बहुधा विहीर खणल्याशिवाय मिळत नाही. मात्र विहीर कोरडी निघाली, तरी तिच्यातून वर आलेला खडकाचा चुरा, थरांचे अखंड नमुने आणि त्यांतील सूक्ष्म जीवांचे अवशेष हाती राहतात. कोणता थर किती खोल आहे, तो कोणत्या काळातला आहे, त्यात छिद्रे किती आहेत, हे त्यांवरून कळते. पुढल्या विहिरीची जागा याच माहितीच्या आधाराने ठरते.

भारतातील तेलसंशोधनाचा इतिहास याचीच साक्ष देतो. आसाममधील दिगबोई येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेल लागले आणि 1901 मध्ये तेथे तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. परंतु स्वातंत्र्याच्या वेळी आसामबाहेर देशात तेलाचे उत्पादन होत नव्हते, आणि भारतात फारसे तेल मिळेल यावर परदेशी तज्ज्ञांपैकी अनेकांचा विश्वास नव्हता. अशा वेळी केशवदेव मालवीय यांच्या पुढाकाराने 1956 मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला. आयोगाने आपली पहिली विहीर 1957 मध्ये हिमालयाच्या पायथ्याशी ज्वालामुखी येथे खणावयास घेतली. तेथील देवीच्या मंदिरात जमिनीतून निघणाऱ्या ज्योती पुरातन काळापासून प्रसिद्ध आहेत. तरीही त्या विहिरीतून व्यापारी प्रमाणात काही हाती आले नाही. पहिल्याच प्रयत्नाच्या या फळाकडे पाहून आयोग गुंडाळावा, असे म्हणणे सोपे होते. आयोगाने तसे केले नाही. 1958 मध्ये गुजरातेत खंबायतजवळ लुणेज येथे तेल लागले आणि 1960 मध्ये अंकलेश्वरचे मोठे क्षेत्र सापडले. तेथील पहिल्या विहिरीला पंडित नेहरूंनी 'वसुधारा' हे नाव दिले.

समुद्रातील शोधाचीही कथा अशीच आहे. साठच्या दशकात सोव्हिएत संशोधकांच्या मदतीने जहाजावरून खंबायतच्या आखाताची व मुंबईजवळच्या समुद्राची पाहणी झाली आणि तळाखाली एक विशाल उंचवटा असल्याचे दिसून आले. 1970 मध्ये खंबायतच्या आखातात अलियाबेट येथे देशातील पहिली समुद्री विहीर खणण्यात आली. तिने व्यापारी यश दिले नाही. तथापि समुद्रात काम कसे करावे, याचा पहिला धडा तिने दिला. पुढे जपानमध्ये बांधलेले 'सागरसम्राट' हे वेधनयंत्र मुंबईच्या पश्चिमेस सुमारे 160 किलोमीटरवर उभे राहिले आणि फेब्रुवारी 1974 मध्ये समुद्रतळाखालच्या चुनखडकात तेल मिळाले. मे 1976 मध्ये 'मुंबई हाय' येथून उत्पादन सुरू झाले. तेथील तेल व वायू समुद्रतळावरील नळांतून उरणच्या किनाऱ्यावर येऊ लागले. शाळेतील मुलांनाही 'सागरसम्राट' हे नाव ठाऊक झाले. अलियाबेटचे नाव मात्र फारच थोड्यांना माहीत आहे.

काही कोरड्या विहिरींचे फळ दिसावयास याहून दीर्घ काळ जावा लागतो. पश्चिम बंगालमध्ये 1950 नंतरच्या दशकात भारत सरकार आणि एक अमेरिकी कंपनी यांच्या भागीदारीत अनेक विहिरी खणल्या गेल्या. एकीतूनही व्यापारी तेल मिळाले नाही आणि ते काम बंद पडले. परंतु त्या विहिरींतील थरांच्या नोंदी टिकल्या आणि बंगालच्या भूगर्भाची रचना समजण्यास त्या आधारभूत ठरल्या. शोध पुढे चालू राहिला आणि 2018 मध्ये त्याच राज्यात अशोकनगर येथे तेल व वायू लागला. पहिल्या अपयशानंतर सुमारे 60 वर्षांनी हे घडले!

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. खोल विहिरीला प्रचंड खर्च येतो, समुद्रातील विहिरीला तर त्याहूनही अधिक. जेथे अद्याप अनेक गावांना शाळा, दवाखाने आणि पिण्याचे पाणी पुरेसे मिळत नाही, तेथे जनतेचा पैसा अनिश्चित शोधात घालणे कितपत न्याय्य आहे? या प्रश्नाला 'शास्त्रासाठी सर्व काही क्षम्य आहे' असे उत्तर देता येणार नाही. प्रत्येक कोरडी विहीर आदरास पात्र नसते. पुरेशी पाहणी न करता, घाईने किंवा कोणाच्या हट्टापायी खणलेली विहीर म्हणजे उधळपट्टीच होय. पूर्ण विचारांती खणलेली, जिच्या प्रत्येक थराचा नमुना जपला गेला आणि जिचा वृत्तांत प्रामाणिकपणे लिहून इतर संशोधकांना उपलब्ध केला गेला, अशीच कोरडी विहीर राष्ट्राची ठेव ठरते. अपयश झाकले गेले, तर तोच खर्च पुन्हा त्याच चुकीवर होतो. यश मिळालेल्या विहिरीची नोंद ठेवावयास कोणीही उत्सुक असतो. कोरड्या विहिरीची नोंद तितक्याच काळजीने ठेवण्यात संशोधकाच्या प्रामाणिकपणाची खरी कसोटी असते.

आज भारताला लागणाऱ्या खनिज तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून येते. दुसरीकडे, तेल जाळल्याने पृथ्वीचे वातावरण तापत आहे आणि भूमीतील साठा एकदा वापरला की पुन्हा भरत नाही, हेही स्पष्ट झाले आहे. म्हणून एके दिवशी तेलाचा शोध मंदावेल, आणि तो मंदावणे इष्टच आहे. परंतु भूगर्भ वाचण्याची विद्या त्यामुळे निरुपयोगी होणार नाही. भूजलाचे झरे, भूमीतील उष्णता, विजेच्या नव्या साधनांना लागणारे तांबे व लिथियम यांसारखे धातू शोधावयास तीच विद्या लागणार आहे. त्या शोधातही अनेक छिद्रे रिकामी निघतील.

अशा वेळी समाजाने संशोधकाला केवळ 'काय मिळाले?' एवढेच विचारू नये. 'काय कळले आणि ते कोठे लिहून ठेवले?' हा प्रश्नही त्याने आवर्जून विचारावा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी पृथ्वीच्या हाती असते. दुसऱ्याचे उत्तर देणे सर्वस्वी मनुष्याच्या हाती आहे.