ठेक्यावर उघडणारें दार

शाळांच्या विज्ञानप्रदर्शनांत अलीकडे एक वस्तु हटकून दृष्टीस पडते. पुठ्ठ्याचें एक दार, त्यामागें दोनचार तारा, एक बॅटरी आणि हातभर उत्साह! दारावर ठराविक ठेक्यानें टकटक केली म्हणजे कडी आपोआप सरकते. ठेका चुकला तर दार ढिम्म हलत नाहीं. कोणी टाळीवर उघडणारें दार करतो, तर कोणी खिशांत लपविलेल्या लोहचुंबकावर. ही कल्पकता पाहून आम्हांस मनापासून आनंद होतो. परंतु असेंच कुलूप आतां घराच्या मुख्य दारास लावावें, असा हट्ट मुलें धरूं लागलीं आहेत, व हें कितपत निर्धोक, असें पालक आम्हांस विचारूं लागले आहेत. तेव्हां याविषयीं चार शब्द लिहिणें अवश्य वाटतें.

अशा चमत्कारिक कुलुपाचें एक खरेंखुरें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच घडलें आहे. अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्यांतील शनिशिंगणापूर येथें घरांना चौकटी असतात, पण कवाडें व कुलुपें नसतात, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. फार तर कुत्रें आंत शिरूं नये म्हणून एखादी फळी आडवी लावतात. त्या गांवीं २०११ सालीं युको बँकेनें आपली शाखा उघडली. ग्रामस्थांची श्रद्धा दुखवूं नये आणि ठेवीदारांचा पैसाही जाऊं नये, अशी दुहेरी अडचण! तेव्हां कांचेचें दार बसविलें आणि त्यास सहजासहजीं दिसणार नाहीं असें, दुरून चालविण्याचें विद्युच्चुंबकी कुलूप लाविलें. यांत हसण्यासारखें आम्हांस कांहींच वाटत नाहीं. कुलूप लपविलें तें भाविकांच्या नजरेपासून. चोर फसावा म्हणून नव्हे. केवळ गांवच्या लौकिकावर विसंबणेंही शहाणपणाचें झालें नसतें, कारण २०१० सालींच एका यात्रेकरूच्या वाहनांतून पैसे व किंमती ऐवज गेल्याची तक्रार झाली होती, आणि २०१५ सालीं तेथें पोलीस ठाणेंही आलें.

या विद्युच्चुंबकी कुलुपाची रचना साधी आहे. चौकटीस विद्युच्चुंबक व दारास लोखंडी पट्टी. वीज वाहते आहे तोंवर पट्टी अशी चिकटून राहते, कीं नेहमींच्या वापरांतील कुलूपही सुमारें २७० किलोंचा ओढा सहन करतें. पण वीज गेली कीं दार मोकळें! म्हणून त्यास बॅटरीची जोड द्यावीच लागते. उलट, कांहीं विजेचीं कुलुपें अशीं असतात कीं वीज गेली तरी तीं बंदच राहतात. यांतील कोणतें बरें? चोर दाराशीं असतां दार उघडें राहणें वाईट. परंतु घरांत आग लागली असतां तें बंद राहणें त्याहून भयंकर. आंतून केवळ हातानें, अंधारांतही, उघडणार नाहीं असें कोणतेंही कुलूप आम्ही घरांत येऊं देणार नाहीं. वळवाच्या पहिल्या सरीबरोबर वीज कशी पळते, हें पुणेकरांस सांगावयास नकोच.

आतां मुलांचा आवडता मुद्दा. 'आमच्या कुलुपाची युक्ति कोणास ठाऊकच नाहीं, मग चोर उघडील कसें?' १८८३ सालीं ऑगस्ट केर्कहोफ्स नांवाच्या एका भाषाशिक्षकानें सांकेतिक लेखनाविषयीं लिहितांना या भ्रमाचा निकाल लावून ठेविला आहे. यंत्राची सारी रचना शत्रूच्या हातीं पडली तरी चालेल. गुप्त राहावी ती केवळ किल्ली, असें त्याचें म्हणणें. ठेक्याच्या कुलुपांत तर किल्लीच मोठ्यानें वाजते! शेजारच्या बाळास ती दोन दिवसांत पाठ होईल. आंकड्यांच्या कुलुपाचेंही गणित आमच्या विद्यार्थ्यांनीं करून पाहावें. चार आंकड्यांचे संकेत १०,००० होतात. पण बोटांनीं झिजलेल्या चार कळा चोरानें हेरल्या, तर त्यास अवघे २४ क्रम तपासावे लागतात.

मोठ्या कंपन्यांचीही गत फारशी निराळी नाहीं. २०१२ सालीं हॉटेलांतील ऑनिटी कंपनीचीं कुलुपें, खालच्या भोकांत एक लहानसें यंत्र जोडून, एका तरुणानें भर परिषदेंत उघडून दाखविलीं. सामानाचा खर्च पन्नास डॉलरांहूनही कमी. २०१७ सालीं अमेरिकेंतील लॉकस्टेट कंपनीनें दुरूनच धाडलेल्या एका चुकीच्या दुरुस्तीनें सुमारें ५०० कुलुपें निकामी झालीं. चोराविना घरधनी बाहेर!

बोटाच्या ठशाचें कुलूप सोईचें खरें. पण आजीच्या बोटांवरील रेषा वयोमानानें आणि जन्मभराच्या धुण्याभांड्यांनीं पुसट झालेल्या असतात, आणि यंत्रास आजी ओळखूं येत नाहीं. तिनें दाराबाहेर ताटकळत उभें राहावें, हें आम्हांस रुचत नाहीं. शिवाय संकेतांक किती जणांस सांगितला, हें घरोघर विसरलें जातें. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचे खिळे हत्तीस थोपविण्यास पुरेसे होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांवर धांवून गेलेले गारदी मात्र पेशव्यांच्याच चाकरीचे होते.

म्हणून पालकांस आमची सूचना इतकीच, कीं नवें कुलूप हौसेनें लावावें, पण जुनी भक्कम कडी व तरफांचें चांगलें कुलूप काढूं नये. किल्ली विश्वासाच्या एका शेजाऱ्याकडे ठेवावी. बॅटरी पावसाळ्यापूर्वीं बदलावी. आणि घरकाम करणाऱ्या बाई किंवा भाडेकरू बदलला कीं त्याच दिवशीं संकेतांकही बदलावा.

मुलांस मात्र दुसरें सांगणें आहे. पुढील प्रदर्शनांत आपलें कुलूप मांडतांना त्याची सारी रचना शेजारीं कागदावर लिहून ठेवावी, फक्त संकेत तेवढा लपवावा, आणि मित्रांस एक दुपार मोकळी द्यावी. सायंकाळपर्यंत तें कोणाकडून उघडलें नाहीं, तर परीक्षकांनीं अधिक गुण द्यावे; आणि ज्यानें तें उघडलें, त्यासही द्यावे.