बिघाडाची शाळा

अनेक घरांत कपाटाच्या तळाशी एखादा जुना डिजिटल कॅमेरा पडलेला असतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी तो मोठ्या कौतुकाने घरात आला. लग्नकार्ये, सहली, बाळाचे पहिले पाऊल अशा कितीतरी क्षणांचा तो साक्षीदार झाला. पुढे एके दिवशी तो बंद पडला. 'याचे सुटे भाग आता मिळत नाहीत' असे दुकानदाराने सांगितले, आणि तोपर्यंत मोबाइलमध्येच कॅमेरा आलेला असल्यामुळे कुणाचे फारसे अडलेही नाही. असा कॅमेरा हौसेने उघडून घरीच दुरुस्त करू पाहणाऱ्या माणसाला व्यवहारी जग हसते. वास्तविक पाहता त्याचा हा छंद उपहासाला नव्हे, तर आदराला पात्र आहे.

डिजिटल कॅमेऱ्याचा जन्मच मुळी जुन्या वस्तूंच्या जुळवाजुळवीतून झाला. १९७५ मध्ये अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने असा पहिला कॅमेरा तयार केला. त्याची भिंग त्याने चलच्चित्र-कॅमेऱ्याच्या वापरलेल्या सुट्या भागांतून मिळवली होती, आणि छायाचित्र साठवण्यासाठी गाण्यांच्या कॅसेटसारखीच कॅसेट योजली होती. एक कृष्णधवल चित्र नोंदवण्यास त्या यंत्राला २३ सेकंद लागत. टाकाऊ मानलेल्या भागांतही उपयोग पाहणारी दृष्टी नसती, तर हा प्रयोग इतक्या सहजपणे घडला नसता. घरच्या टेबलावर जुना कॅमेरा उघडून बसलेला हौशी माणूस त्याच दृष्टीचा वारसा चालवीत असतो.

या कामातून मिळणारे शिक्षण केवळ तांत्रिक नसते. पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा बंद पडण्याचे एक नेहमीचे कारण अगदी साधे असते. सेल आतच विसरले जातात, त्यांतील द्रव झिरपतो आणि धातूच्या पट्ट्यांवर पांढरट-हिरवट थर साचतो. सेल काढून टाकून, हातमोजे घालून, कापसाच्या काडीला किंचित व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून तो थर पुसला आणि जागा पूर्ण कोरडी केली, तर कधीकधी एवढ्यानेच कॅमेरा पुन्हा सुरू होतो. आम्ल आणि आम्लारी एकमेकांना उदासीन करतात, हे पुस्तकात वाचलेले वाक्य त्या क्षणी अनुभव बनते. भिंगाची नळी अडकली असेल, तर दोष बहुधा सहलीत शिरलेल्या वाळूच्या एखाद्या कणाचा असतो. आवरणाचे बारीक स्क्रू एकसारखे दिसले, तरी त्यांची लांबी वेगवेगळी असते. म्हणून जाणता माणूस कागदावर कॅमेऱ्याची आकृती काढतो आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी मांडून ठेवतो. आतल्या कागदासारख्या पातळ पट्टीतारा ओढल्या की तुटतात. त्यांची नाजूक कडी आधी हलकेच उचलावी लागते. घाईला येथे तत्काळ शिक्षा मिळते आणि सावधपणाला फळ मिळते. संयमाचा असा धडा देणारा दुसरा शिक्षक विरळाच.

मात्र धैर्य आणि धाडस यांत फरक आहे. फ्लॅशसाठी वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर सुमारे ३०० व्होल्ट इतका भारित असतो आणि सेल काढल्यानंतरही त्यात ही वीज टिकून राहू शकते. तिचा धक्का गंभीर इजा करू शकतो. म्हणून नवशिक्याने बाहेरून करता येणाऱ्या स्वच्छतेवरच थांबावे आणि आवरण उघडण्याचे काम अनुभवी माणसाजवळ बसून शिकावे. आपल्याला काय येत नाही, हे ओळखणे हादेखील शिक्षणाचाच भाग आहे.

या छंदावर आक्षेप घेतला जातो तो असा, की दुरुस्तीसाठी लागणारा वेळ आणि भागांची किंमत पाहता नवी वस्तू घेणेच स्वस्त पडते. हिशेबापुरता हा आक्षेप पुष्कळदा खरा आहे, आणि प्रत्येक प्रयत्न यशस्वी होतो असेही नाही. परंतु या हिशेबात फेकून दिलेल्या वस्तूची किंमत कुणीच धरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील एक चतुर्थांशाहूनही कमी कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. उरलेल्या कचऱ्यातील पुष्कळसा भाग कुठेतरी उघड्यावर जाळला, फोडला वा पुरला जातो, आणि त्याचे विष तेथील माती, पाणी व माणसे यांच्या वाट्याला येते.

शिवाय, दोष नेहमी ग्राहकाच्या हाताळणीचाच असतो असे नाही. उष्ण व दमट हवेत काही कॅमेऱ्यांचे प्रकाशसंवेदक निकामी होत असल्याचे २००५ मध्ये उघडकीस आले, तेव्हा अनेक कंपन्यांनी ते विनामूल्य बदलून दिले. मनात आणले तर निर्माते दुरुस्तीची वाट मोकळी करू शकतात, हेच त्यावरून दिसते. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या अधिकारा'चा आराखडा ठरवण्यासाठी समिती नेमली, तीही याच जाणिवेतून. परंतु अधिकार मिळाला, तरी तो वापरण्याची इच्छा समाजात असावी लागते.

ही इच्छा आपल्याकडे नवी नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणारी आजी, भांड्यांना कल्हई लावणारा कारागीर, डोळ्याला भिंग लावून बसलेला घड्याळजी, या सर्वांनी वस्तूला दुसरे आयुष्य देण्याचा संस्कार जपला. त्यांपैकी अनेकांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. तरी त्यांचे हात विद्वान होते. बंद कॅमेरा उघडणाऱ्या हौशी माणसाला कदाचित त्यातून एकही छायाचित्र मिळणार नाही. परंतु जी वस्तू आपण वापरतो ती कशी चालते हे त्याने जाणून घेतलेले असते, आणि फेकण्यापूर्वी तिला एक संधी दिलेली असते. बिघाडाच्या या शाळेत प्रवेशाला वयाची अट नाही, आणि अपयश आले तरी येथून कुणी रिकाम्या हाताने परतत नाही.