मोडी आधी लिहावी, मग वाचावी

भिलाईजवळच्या कुम्हारी येथे मी काही दिवस एका मराठी कुटुंबाचा पाहुणा होतो. तिसरीत शिकणारी नात अभ्यासाला बसली होती. तिने वहीवर आधी ओळभर आडवी रेघ ओढली आणि तिच्याखाली ती एकेक अक्षर टांगीत चालली. आजींना ते रुचले नाही. “अगं, आधी अक्षर पुरं करावं, मग वर रेघ द्यावी.” नातीने विचारले, “पण आजी, शेवटी दिसतं ते सारखंच ना?”

हा प्रश्न पोरकट नाही. चिनी शिकू लागलो तेव्हा मीही माझ्या अध्यापकांना नेमके हेच विचारले होते. चिनी लिपीत प्रत्येक चिन्हातील रेघांचा क्रम ठरलेला असतो : वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी रेघ सामान्यतः उभीच्या आधी. चौकटीचे चिन्ह असेल तर आतला भाग भरून झाल्यावरच तळची रेघ ओढायची. आधी माणसे आत घ्यावीत, मग दार लावावे, अशी खूण विद्यार्थ्यांना सांगतात. हा क्रम निसर्गदत्त मात्र नव्हे. ‘शेत’ या अर्थाचे चिन्ह म्हणजे चार वाफ्यांची चौकट. तिच्या पोटातली आडवी रेघ चीनमध्ये आधी काढतात, तर जपानमध्ये उभी. छापील चिन्ह दोन्हीकडे एकच. मग क्रमाचा एवढा आग्रह कशासाठी?

याचे उत्तर छापील पानावर नव्हे, हस्तलिखितात सापडते. घाईने लिहिताना लेखणी पुरती उचलली जात नाही. दोन रेघा जोडल्या जातात, तिसरी केवळ सूचित होते. चिन्यांच्या ‘तृणलिपी’त तर चिन्हाची मूळ आकृती जवळजवळ विरून जाते आणि उरतो तो हाताचा प्रवास. तो ज्याच्या हाती मुरला आहे त्यालाच ती वाचता येते. क्रम हा असा लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातील करार असतो.

आपल्याकडे याचा पडताळा मोडीत येतो. मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढतो आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जातो; शब्दाशब्दांत जागा सोडीत नाही, काना पुष्कळदा अक्षराच्या अखेरच्या वळणातूनच वर नेतो. म्हणजे बालबोधीच्या दृष्टीने नातीची जी चूक, तीच मोडीची रीत! आणि ही लिपी त्या प्रदेशाला परकी नाही. बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुराहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. त्या राज्याच्या मराठी दप्तराची लिपी मोडीच होती.

ही लिपी आज आपण शिकवतो कशी? बहुधा एका तक्त्याने : डावीकडे बालबोध अक्षर, उजवीकडे मोडी. विद्यार्थी आकृत्या पाठ करतो आणि प्रत्यक्ष कागद समोर येताच अडखळतो, कारण कागदावर ती सुटी आकृती नसतेच. दोन अक्षरांच्या मधून धावलेला हात असतो. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु संगणकावरचे नेटके अक्षर म्हणजे पुन्हा तक्ताच. त्याने मोडी छापता येईल. जुने पत्र उलगडण्यास ते पुरेसे नाही.

संशोधकाला वाचायचे असते, लिहायचे नसते. मग त्याचा वेळ गिरवण्यात का दवडावा, असा आक्षेप घेतला जाईल. माझा अनुभव उलट आहे. चिनी हस्ताक्षर मला दिसू लागले ते कोशाच्या साह्याने नव्हे, तर शेकडो चिन्हे योग्य क्रमाने गिरवल्यानंतर. अडलेली जागा बोटाने हवेत लिहून पाहिली की अनेकदा आपोआप सुटते; ज्याने कधी लिहिलेच नाही त्याला ही सोय नाही.

म्हणून विद्यापीठांच्या मोडी वर्गांत आरंभीचे काही आठवडे केवळ लेखनाला द्यावेत. लेखणी कोठे टेकते, कोठे वळते, कोठे उचलते, हे अध्यापकाने फळ्यावर लिहून दाखवावे, आणि परीक्षेत लिप्यंतराबरोबर नक्कललेखनालाही गुण असावेत. आजींना मी मोडीची रीत सांगितली, तेव्हा त्यांनी नातीची वही पुन्हा जवळ ओढली आणि म्हणाल्या, “म्हणजे माझ्या आजोबांनी हिला शाबासकी दिली असती!”