टायर कोणत्या सालचा?

सेकंड हॅण्ड बाइक बघायला जाताना तुम्ही काय काय विचारता? किती चाललीय, अ‍ॅव्हरेज किती देते, फर्स्ट ओनर आहे का, इन्शुरन्स कधीपर्यंत. मग एक चक्कर मारायची, इंजिनाचा आवाज ऐकल्यासारखं करायचं आणि 'शेवटचे किती?' म्हणायचं. गेल्या वर्षी माझ्या मामेभावाने ३९० ड्यूक घेतली तेव्हा आम्ही हे सगळं रीतसर केलं. २०१७ चं मॉडेल, रनिंग फक्त नऊ हजार. टायरच्या खाचा इतक्या खोल की जणू कालच बसवलेत. काळेभोर, चकचकीत. 'आधीच्या मालकाने गाडी फार जपलीय,' एजंट म्हणाला. खरंच जपली होती. बहुतेक वेळ कव्हरखालीच.

जूनच्या पहिल्या पावसात एका साध्या चौकात वळताना मागचं चाक सरकलं. स्पीड फार तर तीस. मी मागे बसले होते. दादाचा गुडघा सोलवटला आणि माझं उजवं मनगट तीन आठवडे प्लास्टरमध्ये. मागून येणारा टेम्पोवाला वेळेत थांबला म्हणून हा लेख लिहितेय.

सगळा दोष टायरचा, असं मी म्हणणार नाही. पहिल्या पावसात धूळ आणि सांडलेलं ऑइल मिळून रस्ता निसरडा होतोच, आणि दादाने वळण पूर्ण व्हायच्या आधी अ‍ॅक्सिलरेटर पिळला होता. पण गाडी टायरवाल्या काकांकडे नेली तेव्हा त्यांनी आधी दादाला काहीच विचारलं नाही. टायरवर नख रोवून पाहिलं. रुतेना. 'हे रबर राहिलं नाही पोरी, लाकूड झालंय.' मग अंगठ्याने चिखल पुसून टायरच्या बाजूवरचे चार आकडे दाखवले. १४१७. म्हणजे २०१७ सालचा चौदावा आठवडा. गाडी घेताना आम्ही चौघं तिच्याभोवती तासभर फिरलो होतो, आणि ती तारीख कुणीच वाचली नव्हती.

तुम्हीही वाचलेली नसणार. आत्ता पार्किंगमध्ये जाऊन बघा. टायरच्या बाजूवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारी एक लांबलचक ओळ असते, कधी ती फक्त एकाच बाजूला पूर्ण असते. तिच्या शेवटच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख आपण वाचतो, पण आपलं आणि मागे बसलेल्याचं वजन ज्या तळहाताएवढ्या रबरावर टेकलेलं असतं त्याची नाही.

टायर झिजला की बदलायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. तो नुसता उभा राहूनही म्हातारा होतो, हे मात्र कुणी सांगत नाही. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन, ऊन, इंजिनाची धग यांनी रबर हळूहळू कडक होतं. रबरात ओझोनपासून बचाव करणारं मेणासारखं रसायन घातलेलं असतं, ते टायर चालता-वाकताना वर येत राहतं. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर तेही नीट होत नाही. त्यामुळे 'कमी चाललेली गाडी' ही जाहिरातीतली सगळ्यात मोठी शेखी टायरच्या बाबतीत उलटीही पडू शकते. मिशेलिनसारखी कंपनी तर सांगते की पाच वर्षं झाली की टायर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासून घ्या, आणि दहा वर्षं झाली की दिसायला कितीही चांगला असला तरी काढून टाका.

कॉलेजच्या पोरांच्या सेकंड हॅण्ड बाइकचं ठीक आहे, कोट्यवधींच्या स्पोर्ट्स कारवाले असं करत नसतील, असं वाटतंय? 'फास्ट अँड फ्युरियस'चा पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात ज्या गाडीत गेला, ती २००५ सालची पोर्शे करेरा जीटी होती. दहा सिलिंडरचं इंजिन, सहाशेहून जास्त हॉर्सपॉवर, आणि गाडी सरकली तर सावरून घेणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नाही. मित्र चालवत होता, वॉकर शेजारी बसला होता. तपास यंत्रणांनी मुख्य कारण वेग हेच दिलं. ताशी ७२ किलोमीटरच्या मर्यादेच्या रस्त्यावर गाडी १३० ते १५० च्या दरम्यान होती. यांत्रिक बिघाड काही सापडला नाही. पण अहवालात टायरचीही नोंद होती. ते नऊ वर्षांचे होते, आणि त्यामुळे गाडीच्या पकडीवर परिणाम झाला असू शकतो, असं त्यात म्हटलं होतं. अशा गाड्या वर्षातून मोजक्याच दिवशी बाहेर निघतात, त्यामुळे त्यांचे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात.

आता याच मॉडेलची दुसरी बाजू. पोर्शेने अलीकडे करेरा जीटीसाठी मिशेलिनकडून नवे टायर बनवून घेतले आणि गाडी जर्मनीच्या न्यूरबर्गरिंग ट्रॅकवर नेली. वीस वर्षांपूर्वीची तिची वेळ होती ७ मिनिटं २८ सेकंद. नव्या टायरवर ती ७ मिनिटं १२ सेकंदांवर आली. ड्रायव्हर वेगळा होता हे खरं, पण गाडी तीच. एका फेरीत १६ सेकंद म्हणजे रेसिंगच्या जगात फार झाले!

हे वाचून कुणी सगळ्यात महाग, सगळ्यात 'सॉफ्ट' टायर शोधायला लागेल, तर त्याला आधीच थांबवते. ट्रॅकसाठीचं मऊ रबर तापल्यावरच रस्ता धरतं. मोटोजीपीत रेसच्या आधी टायरना चक्क गरम ब्लँकेट गुंडाळतात ते उगाच नाही. सिग्नलला थांबत थांबत कॉलेजला जाणाऱ्या गाडीचा टायर तेवढा तापतच नाही. शिवाय अशा टायरना पाणी बाहेर फेकणाऱ्या खाचा कमी असतात, आणि आपल्याकडे चार महिने पाऊस. तुम्हाला ओल्या रस्त्यावर धरणारा, मध्ये कडक आणि कडेला मऊ रबर असलेला साधा रोड टायर पुरे.

निवडायचा कसा, तर गाडीवर जे लिहिलंय तेच घ्या. ३९० ड्यूकच्या मागच्या टायरवर '१५०/६० आर १७, ६६ एच' असं असेल, तर १५० मिलिमीटर रुंदी, उंची तिच्या ६० टक्के, 'आर' म्हणजे रेडियल, १७ इंची रिम. ६६ म्हणजे ३०० किलो भार, एच म्हणजे ताशी २१० पर्यंत. वेग आणि भाराचं रेटिंग कंपनीने दिलंय त्याच्या खाली जायचं नाही, आणि पुढे रेडियल असेल तर मागे स्वस्तात मिळाला म्हणून दुसऱ्या बांधणीचा टायर टाकायचा नाही.

आणि प्लीज, तो 'एक साइज मोठा' टायर नको. मागून बाइक भारी दिसते, कबूल. पण रिम तीच असेल तर रुंद टायर दोन्ही बाजूंनी चिमटला जातो, त्याची गोलाई बदलते आणि वळताना गाडी वेगळीच वागायला लागते. यामाहाने आर१५ चा मागचा टायर १०० वरून १३० केला तेव्हा रिमही रुंद केली होती. आपण रिम तीच ठेवतो आणि रील टाकतो.

'एवढे पैसे कुठून आणायचे?' हा प्रश्न मला मान्य आहे. मी स्टायपेंडवर जगते. पण आमच्याच कट्ट्यावर पाच आकडी एक्झॉस्ट लावणारे तिघं आहेत, त्यातल्या एकाचा तर पोलिसांनी काढूनही घेतला. त्याचा पुढचा टायर २०१८ चा आहे. तोच म्हणतो, टायर महाग आहेत.

माझा खरा राग मात्र सेकंड हॅण्ड गाड्या विकणाऱ्यांवर आहे. जुन्या टायरवर काळं पॉलिश फासायचं आणि 'टायर न्यू कंडिशन' लिहायचं. किलोमीटर, मॉडेल, ओनर सगळं जाहिरातीत असतं, तसं टायरचं वर्षही लिहायला लावलं पाहिजे. तोवर फोनवरच विचारा, 'टायर कोणत्या सालचे आहेत?' समोरचा गडबडला तर किंमत पाडायला तेवढं पुरतं. नवीन टायर घेतानाही विचारा. 'स्पेशल डिस्काउंट'मध्ये कधी कधी तीन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला माल असतो. आम्हालाही एका दुकानात तसाच दाखवला, काकांनी फोनवर आकडे ऐकून नको म्हणून सांगितलं. दादाने शेवटी दोन्ही टायर बदलले, पहिले शंभर किलोमीटर काकांच्या सांगण्यावरून अगदी सांभाळून चालवली, आणि मी अजून त्याच्या मागे बसताना एकदा खाली बघते.

हा लेख लिहिताना घरच्या कारची डिकी उघडली. स्टेपनीवरचे आकडे ३८१४. बाबांना सांगितलं, तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, 'अगं, ती कधी वापरलीच नाही. नवीकोरी आहे.'